मातीचा निरोप

आमच्याकडे वाशीम जिल्ह्यात अंत्यविधीला माती म्हणतात. लग्नाला कोणी गेलं नाही तर चार दिवस कुरकूर होते आणि विषय संपतो. मातीला गेलं नाही तर ते घर दुसऱ्या पिढीतही ते काढून दाखवतं. म्हणून मातीचा निरोप आला की माणसं हातातलं काम टाकून निघतात. निरोप खरा की खोटा, हे विचारायची रीत नाही. विचारणार तरी कसं? ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यालाच फोन लावून "खरंच गेलं का हो?" असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. तरी लोकांना शहाणं करायला निघाले तेव्हा मी ती विचारात घेतली नाही.

दुसरी एक रीत बाईच्या मातीची. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ असेल तर त्यानं आणायचं, आपल्या हातानं पांघरायचं, आणि मगच तिला उचलायचं. आम्ही बौद्ध. पुष्कळ जुन्या रीती आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हाच सोडल्या. ही मात्र बायकांनी सुटू दिली नाही, लुगड्याचा रंग तेवढा पांढरा झाला. माझ्या आईला एकच भाऊ, रिठदचे मामा. तिचं हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून आईनं एकच धोशा लावला होता, "माह्यावर लुगडं माह्या भावाचंच पडलं पाह्यजे. बाकी तुमी काही करा नाही तं नका करू."

मी राखणीचं काम करते. कंपनी पुण्यातली, मी वाशीमला भाड्याच्या घरात बसून तिच्या गिऱ्हाइकांच्या संगणकांवर नजर ठेवते. सकाळी नऊला लॅपटॉप उघडला की पडद्यावर ओळींमागून ओळी सरकायला लागतात. कोण आत यायला पाहतंय, कुठून, कितव्यांदा. बहुतेक हल्ले अगदी साधे असतात. कोणीतरी हजारो दारांच्या कड्या हलवत फिरत असतो, एखादी सैल निघते का म्हणून. आम्ही कडी घट्ट केली की तो खिडकीकडे वळतो, खिडकी लावली की राखणदाराशी गोड बोलायला लागतो. या कामाला सुगी नाही. पीक घरात आलं, आता चार दिवस पाय पसरून बसू, असं कधीच होत नाही. समोरचा कोण आहे, कसा दिसतो, जेवला की उपाशी, काही कळत नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा पाहिलेला नाही.

आमच्या कामात चुका दोन होतात. चोर आत शिरतो ही एक. घरचाच माणूस चोर समजून दारात अडवला जातो, ही दुसरी. पहिलीवर बैठका होतात, आवाज चढतात. दुसरीसाठी महिन्याच्या अहवालात शेवटच्या पानावर एक रकाना असतो. गिऱ्हाइकाचा खरा माणूस अडला, तासाभरानं सुटला, कोणाचं काही बिघडलं नाही. मी तो रकाना कितीतरी महिने भरला, आणि भरताना एकदाही थांबले नाही.

आमचं गाव शिरपूरच्या जवळ. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई आणि धाकटा भाऊ तिथं राहत. गावाचा एक मोबाइल ग्रुप आहे, त्यात गावातले, गावाबाहेर गेलेले, सोयरे, सगळेच. आईच्या ओळखीनं मामाही त्यात होते. एका सकाळी त्या ग्रुपवर गावातल्या निवृत्त मास्तरांच्या नंबरवरून निरोप आला: दुःखद निधन, आपल्या गावातील ज्येष्ठ व्यक्ती आपल्यातून गेली, फोटो व अंत्यविधीची वेळ पाहण्यासाठी खालील फाइल उघडा. नाव कुठंच नव्हतं. नाव नव्हतं म्हणूनच सगळ्यांनी फाइल उघडली. उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जायचा आणि तोच निरोप आपल्या नावानं पुढं पाठवायचा. मास्तरांचा फोनही असाच गेलेला होता. दुपारपर्यंत निम्म्या गावाचे फोन गेले.

आईनंही उघडली होती. मी संध्याकाळी गावी पोचले ती भडकूनच.

"तुला शंभरदा सांगितलं होतं ना, फाइल उघडू नको म्हणून?"

"अवं, कोन गेलं ते पाहू नको काय मी?" आई माझ्यावरच उखडली. "तिकडं कोनी मरून पडलं असन, अन् मी इकडं भाकरी थापत बसू?"

लोकांच्या भोळेपणाचा मला तेव्हा फार राग यायचा. हुशार माणसांना येतो तसा राग; खरं तर त्यात स्वतःचं कौतुकच जास्त असतं. येणाऱ्या रविवारी मी बुद्धविहारात सतरंजी टाकून बसले आणि एकेक फोन साफ करून दिला. देवळाकडच्या वस्तीतली काही माणसं त्या दिवशी पहिल्यांदाच विहारात आली, हातात फोन धरून, चपला काढाव्यात की नाही अशा संभ्रमात. मी सगळ्यांना समोर बसवून भाषण ठोकलं. म्हटलं, निरोप परक्याचा आहे हे त्याच्या बोलण्यावरून ओळखा. आपल्यात कोण 'अंत्यविधी' लिहितं? आपण माती लिहितो. सगळ्यांनी माना डोलावल्या. न आलेल्यांसाठी मी तेच ग्रुपवर लिहूनही टाकलं.

ते लिहिणं मूर्खपणाचं होतं. गावातला एक जण ऊसतोडीला पश्चिमेकडं गेलेला होता. त्याचा फोन साफ करायचा राहून गेला होता. त्या फोनातून समोरचा आमचा ग्रुप बसल्या जागी वाचत होता, आणि मी त्याला आपण कुठं चुकलो ते शिकवत होते. तीन आठवड्यांनी पुन्हा निरोप आला, नवीन फाइलसह. या वेळी त्यात लिहिलं होतं, "माती दुपारी ४ वाजता. मातीले यावे." अगदी आमच्यासारखं. पुन्हा लोकांनी उघडली, कारण खूण पटली होती आणि खूण मीच दिली होती. मी वाशीमला खुर्चीत बसून ती ओळ दोनदा वाचली. माझ्या आईच्या तोंडचा शब्द कोणी अनोळखी माणूस वापरत होता.

तिसरी खेळी मामांवर झाली. त्यांना फोन आला, माझ्या भावाच्या आवाजात. हुबेहूब त्याचा आवाज, रडवेला. "मामा, मी अडकलो, तुमच्या फोनवर आकडे येतीन ते वाचून दाखवा." मामांनी वाचून दाखवले. हे आवाज आता यंत्रावर बनवता येतात. दोन-चार वाक्यं मिळाली की पुरतं, आणि भावानं ग्रुपवर बोलून पाठवलेले निरोप होतेच. दोन दिवस मामांचं नाव, फोटो, सगळं दुसऱ्याच्या हातात होतं आणि त्यांच्या नावानं गावभर भलतेच निरोप जात होते. मामा म्हणजे शब्दाला जागणारा माणूस. रिठदला बांधाचा तंटा झाला की लोक त्यांना बोलवायचे. ते आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत.

मग आईनं त्यांना बोलावून घेतलं. अंगणात आम्ही चौघंच बसलो होतो, आई, मामा, भाऊ आणि मी. मामा मान खाली घालून म्हणाले, "पुऱ्या रिठदमंधी माह्यं हसू झालं, बाई. आता मले असं काही सांग का मी पुन्ना फसलो नाही पाह्यजे."

मी सांगितलं. आपण आपल्या चौघांत एक शब्द ठरवू. तो कुठं लिहायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. काही महत्त्वाचा निरोप असला की त्यात तो शब्द टाकायचा, फोन आला तर आधी तो विचारायचा. शब्द नसेल तर निरोप खोटा. शब्द आईनं निवडला: चिवळ. उन्हाळ्यात नाल्याकाठी येणारी बारीक पानांची भाजी. बहीण-भाऊ लहानपणी रिठदच्या नाल्यावर ती तोडायला जायचे. मामा तोडायचे कमी आणि कच्चीच खायचे जास्त, असं आई सांगायची. शब्द ऐकून मामा कितीतरी दिवसांनी हसले.

"म्हंजे आवाज तुह्या असला, अन् शबुद नसला, तं तुह्यावरबी भरोसा नाही ठेवाचा?"

"नाही."

"तू रडत असली तरी?"

"मामा, मी रडत असले तर मुळीच नाही. रडूनच फसवतात ते."

आई मध्येच म्हणाली, "हे मातर काही मले पटत नाही." पण मामांनी ते मनावर घेतलं. माझा सगळ्यात मन लावून शिकणारा विद्यार्थी तोच निघाला, सत्तरीला टेकलेला. वीज तोडण्याची धमकी आली, फसले नाहीत. कुठल्याशा योजनेचा फोन आला, फसले नाहीत. फार सतावलं तर फोन बंद करून ठेवा, हेही मीच सांगितलं होतं, तेही ते करायचे. दर वेळी मला फोन करून सांगायचे, "आज एकाले वाटे लावलं," आणि मला अभिमान वाटायचा. आई मात्र त्या शब्दाशी खेळायची. रोज सकाळी मामांना निरोप पाठवायची: चिवळ, आज कढी केली. चिवळ, उन्हात फिरू नको. चार महिने हे चालू होतं.

मे महिना होता. आईचं दुखणं वाढलं म्हणून मी लॅपटॉप घेऊन गावीच राहिले होते. मामा चार दिवसांपूर्वी येऊन गेले तेव्हा ती उठून बसली होती, त्यांच्याबरोबर जेवली होती. निघताना तिनं त्यांचा हात धरला, "माह्यावर लुगडं तूच टाकजो." मामा म्हणाले, "गप वो. मीच आंदी जातो का नाही पाह्य." त्या सकाळी आठच्या सुमाराला तिनं चहा मागितला. मी करून आणला, तेवढ्यात ती गेलेली होती. कप हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारच्या काकूंनी येऊन तो हातातून काढून घेतला.

भावानं ग्रुपवर लिहिलं: आमची आई आज सकाळी गेली, माती दुपारी तीन वाजता. तेच मामांना वेगळं पाठवलं. त्यात शब्द नव्हता. भावाला तो आठवला नाही, आणि मी त्याला आठवण करून दिली नाही. ज्याची मी आठ वर्षं भाकरी खाल्ली ते सगळं त्या सकाळी माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

नंतर मी मामांना फोन केला. हे मला अजूनही शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "मामा, आई गेली," आणि पुढं मला बोलता येईना, नुसती रडत राहिले. मग मामा म्हणाले, "शबुद सांग, बाई."

मला कळलंच नाही ते काय विचारतायत. शब्द म्हणजे काय, कुठला शब्द, आई समोर पडलीय आणि हा माणूस काय बोलतोय, एवढंच मनात आलं, आणि रागही आला. मी पुन्हा म्हटलं, "मामा, आई गेली ना." त्यांनी पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा कडक आवाजात. मी आणखी जोरात रडायला लागले. फोन बंद झाला. मला वाटलं त्यांना धक्का बसलाय, सावरतील आणि निघतील. मी भावाला सांगितलं, मामांना कळवलं.

रिठदहून आमच्या गावी यायचं म्हणजे रिसोडला गाडी बदलावी लागते. बारापर्यंत येतील असा आमचा हिशेब होता. किन्हीराजाचे सोयरे आले, मालेगावचे आले. शिरपूरहून बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. पत्र्याच्या घरात त्या बघता बघता पाणी होत होत्या. बायका आईच्या भोवती बसून दाराकडं पाहायच्या. "माहेरचं कोनी आलं काय?" दर थोड्या वेळानं कोणीतरी विचारायचं. भाऊ फोन दाखवायचा, मामांनी निरोप वाचलाय, दोन निळ्या खुणा आल्यात, म्हणजे निघाले असतील. दोन वाजता मी फोन लावला तर मामांचा फोन बंद. गाडीत चार्जिंग संपलं असेल, असं सगळेच म्हणाले. मीही म्हटलं.

तिनाचे चार झाले. गावातली वडीलधारी माणसं भावाला बाजूला घेऊन बोलली. ऊन असं होतं की आणखी थांबणं म्हणजे आईचेच हाल होते. तेव्हा काकू उठल्या. त्याही रिठदच्याच. म्हणाल्या, "मीबी तिच्या माहेरची हाओ. मी टाकतो." आईच्या पेटीतून तिचंच पांढरं पातळ काढलं, ती विहारात नेसून जायची ते. ते काकूंनी तिच्या अंगावर घातलं. त्रिसरण, पंचशील झालं आणि आईला उचललं. मी फाट्याकडं पाहत चालत होते. मामांवर मी त्या वेळी इतकी चिडले होते की डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. एकुलता एक भाऊ आणि एवढं होत नाही, असं मी मोठ्यानं बोललेसुद्धा.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. मातीला आलेला रिठदचा एक जण संध्याकाळी परत गेला, त्यानं सहज विचारलं, "तुमी काहून नाही आले?" तेव्हा त्यांना कळलं. ते दारात आले, आत आले नाहीत. ओसरीच्या कडेला खाली बसले. मांडीवर कागदात बांधलेलं लुगडं होतं.

मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "त्याच्यात शबुद नव्हता, बाई."

तेव्हा, त्या क्षणी, मला चिवळ आठवली.

ते हळूहळू बोलत होते, लुगड्याच्या कागदावरून बोट फिरवत. "तुह्या आवाज वयखला मी. वयखू नाही काय? पन तूच म्हणे, रडत असली तं मुळीच नाही. मी दोनदा विचारलं. तू काही सांगे ना. मंग तुह्या फोनवर फिरून लावला, याच्याबी लावला, तं दोन्ही सारखे बिझी. तिच्या फोनवर लावला, तं बंद." आईचा फोन आम्हीच आठवडाभर बंद ठेवला होता, तिला झोप लागावी म्हणून. "म्हटलं, तिचं दुखनं कोन्या लबाडाले ठाऊक झालं असन, म्हून त्यानं तिचंच नाव घेतलं. दुसऱ्या कोनाले विचारू तं कसं विचारू? माही बहीन मेली काय, असं विचारू?"

भाऊ काहीतरी म्हणायला गेला. मामांनी हातानं थांबवलं.

"मले तं खुशी झाल्ती रे. घरात सांगतलं म्या, आज माह्या भाचीचा आवाज काढून आले होते, पन म्या फसलो नाही. फोन बंद केला, अन् दुपारी पोटभर जेवलो." त्यांचं बोट कागदावर थांबलं. "तिले इकडं बर्फावर ठेवलं होतं, अन् मी पोटभर जेवलो, बाई."

मी त्यांच्या पायाशी बसले. माफी मागावी म्हटलं तर कशाकशाची मागणार? जे शिकवलं ते चूक नव्हतं. त्यांनी केलं तेही चूक नव्हतं. त्यांनी माझा नियम अक्षरन्‌अक्षर पाळला होता. मोडला होता तो मी. माझ्या अहवालातल्या शेवटच्या पानावरचा माणूस माझ्यासमोर ओसरीवर बसला होता आणि हा तासाभरानं सुटणारा नव्हता. "तुह्या काही दोस नाही," असं ते म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मातीनंतरच्या जलदानविधीच्या दिवशी कोणीतरी सुचवलं, लुगडं एखाद्या गरजू बाईला दान द्या. मामा ऐकेनात. "हे तिचं हाये," एवढंच म्हणाले, आणि जाताना ते माझ्या हातात ठेवलं. मग चपला घालता घालता, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "एक सांगतो. माह्या मातीले शबुद-बिबुद ठेवू नको. माह्या नावाचा निरोप आला तं तू येजो. खोटा असला तरी येजो. फसली तं फसली."

मी हो म्हटलं. लुगडं माझ्या वाशीमच्या कपाटात आहे, कागद न सोडता. त्यानंतर मी कामावर परत गेले, लोकांना शिकवणंही थांबवलं नाही. हल्ले थांबलेले नाहीत, मग आपण थांबून कसं चालेल? फरक एवढाच पडला की महिन्याच्या शेवटी तो रकाना आला की मी प्रत्येक अडलेल्या माणसाची नोंद उघडून पाहते. कोण होता, कशाला आला होता, किती वेळ दारात उभा राहिला. वरिष्ठ म्हणतात, यात वेळ जातो. जातो खरा.

ऑक्टोबरात, सोयाबीन निघत असताना, एका सकाळी दहाच्या सुमाराला निरोप आला. मामांच्या नावाचा, मातीचा. खाली फाइल. शब्द नव्हता. फाइलचं नाव पाहिल्याबरोबर मला कळलं की हे खोटं आहे. ज्या नंबरवरून आलं होतं तो रिठदच्याच एका माणसाचा, पण त्यानं तीच ओळ पाच ग्रुपवर एकदम टाकली होती; माणूस तसं करत नाही, ताब्यात गेलेला फोन करतो. परीक्षेत कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून उत्तर दिलं असतं.

मी मामांचा नंबर काढला. बोट त्यांच्या नावावर ठेवलं आणि उचललं. कोणी दुसऱ्यानं फोन घेतला तर? मी काय विचारणार होते? जी रीत मला अडाणीपणाची वाटत आली होती, ती माझ्याच बोटात येऊन बसली. मी लॅपटॉप मिटला, वरिष्ठांना लिहिलं, "घरी माती आहे," आणि निघाले. स्टँडजवळच्या कापडाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिले. पांढरं कापड घ्यायचा धीर झाला नाही. रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या गाडीत खिडकीशी बसून मी तासभर स्वतःला समजावत होते की हे खोटं आहे, आणि तासभर मला ते पटत नव्हतं.

मामा ओट्यावर बसून सोयाबीनच्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवत होते. मला पाहून त्यांचा हात थांबला. कामाचा दिवस, हातात पिशवी नाही, चेहरा असा. त्यांना दोन क्षणांत उमगलं.

"माह्या मातीले आली काय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"फाइल उघडली?"

"नाही."

"शबुद होता?"

"नव्हता."

त्यांनी दाभण पोत्यात खोचून ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"म्हंजे फसली तू," ते म्हणाले.

"फसले, मामा."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी पोतं बाजूला सारलं आणि मला बसायला जागा करून दिली.